हळर्णच्या घरातलं बंद कुलूप आणि ४८ आकड्यांची किल्ली

आमच्या घरात किल्लीला तीन नावं आहेत. बेळगावात मी म्हणते किल्ली. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ते, म्हणतात 'बीगद कै', कुलपाचा हात. आणि माझ्या माहेरी, पेडणे तालुक्यातल्या हळर्णला, तिलाच 'चावी' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि इतका रुळला की तो परका वाटतच नाही. एका वस्तूला तीन नावं असलेल्या आमच्या या घरात २०२५च्या दिवाळीनंतर एक किल्ली हरवली, आणि ती सापडली तीही तिन्ही भाषांच्या मदतीनं! संगणकाच्या कुलपाची ही गोष्ट आहे, पण वाचकहो, पान उलटू नका. हे कुलूप आज तुमच्याही घरातल्या लॅपटॉपला असण्याची बरीच शक्यता आहे, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल.

माझा थोरला भाऊ निवृत्त शिक्षक. हळर्णच्या घरी एकटाच असतो. भाचा नोकरीनिमित्त बाहेरगावी. दादाला नाद रेकॉर्डिंगचा. पौषात मांडावर धालो सुरू झाले की हा कोपऱ्यात यंत्र घेऊन बसलेला. दशावताराचे प्रयोग, फुगड्या आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे आईच्या ओव्या. आई जात्यावर बसायची थांबली, पण ओव्या तिच्या ओठांवर होत्या. दादानं त्या सात-आठ वर्षं टिपून ठेवल्या. आई गेली त्याला आता चार वर्षं झाली. तिचा आवाज उरला तो फक्त दादाच्या लॅपटॉपमध्ये. शिवाय घरच्या जमिनीच्या फॉर्म १ व १४च्या प्रती, जुने फोटो, लग्नांच्या चित्रफिती, सगळं तिथंच.

हा लॅपटॉप २०१९ सालचा. त्यात दोन ड्राइव्ह. पहिला छोटा आणि वेगवान, त्यावर विंडोज. त्याला आपण 'सी' म्हणतो. दुसरा १ टीबीची हार्ड डिस्क, तो 'डी'. दादाचा सारा खजिना डी मध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. त्यातच सी ड्राइव्ह कुरकुर करू लागला होता, म्हणून दादानं लॅपटॉप दुरुस्तीला दिला. दुकानदारानं नवा सी बसवला, त्यावर विंडोज ११ घातलं आणि यंत्र चकाचक करून परत दिलं. घरी येऊन दादा बघतो तर डी ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप! उघडायला गेलं तर पासवर्ड मागतो. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "फॉरमॅट मारूया, मग होईल सुरू."

रात्री दादाचा फोन आला. आवाज पडलेला. "गो, आवयचो आवाज गेलो मगे?" आईचा आवाज गेला ना?

मी म्हटलं, "दादा, काही कर, पण फॉरमॅट करू नको. मी येते."

कुलूप आलं कुठून?

मुळात हे कुलूप कुणी लावलं? भाच्यानं. २०२१ साली तो हा लॅपटॉप काही दिवस प्रवासात नेणार होता. त्यानं विचार केला, गाडीत चोरीला गेला तर? पुष्कळांना वाटतं की विंडोज सुरू होताना पासवर्ड मागितला म्हणजे आपला माल सुरक्षित. तसं नसतं. तो पासवर्ड म्हणजे ओसरीवरचा राखणदार. चोरानं डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की राखणदार राहतो ओसरीवर आणि चोर मागच्या दारानं आत. त्यासाठी डिस्कवरचा मजकूरच गुप्त लिपीत बदलून ठेवावा लागतो. याला म्हणतात एनक्रिप्शन. विंडोजमध्ये हे काम करणाऱ्या सोयीचं नाव बिटलॉकर. ती २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर सर्वांसमोर आली.

बेळगाव-धारवाडकडच्या वाचकांना हे एका उदाहरणानं चटकन कळेल. जुन्या गोव्यात गोंयकानडी नावाची एक लिपी होती. कन्नडच्या कुळातली, पण आजच्या कन्नडपेक्षा निराळी. तिच्यात लिहिलेले कागद आजही आहेत, शाई आहे, अक्षरं आहेत; पण वाचणारी माणसं अगदी मोजकी उरलीत. मोडीचंही थोडंफार तसंच. कागद शाबूत, पण वाचता येत नाही! एनक्रिप्ट केलेली डिस्क अगदी अशीच असते. ती बिघडलेली नसते, तिच्यातलं काही पुसलेलं नसतं. फक्त ती लिपी वाचायची किल्ली आपल्याकडे नसते. फरक एवढाच की गोंयकानडी अभ्यासानं शिकता येते, ही लिपी नाही. तिच्या संभाव्य किल्ल्यांची संख्या ३४वर ३७ शून्यं द्यावीत एवढी मोठी आहे. एकेक करून बघायला गेलं तर जन्म पुरायचा नाही, हजार जन्म पुरायचे नाहीत.

दुसराच ड्राइव्ह का अडकला?

आता खरी मेख. चार वर्षं दादा हा लॅपटॉप रोज वापरत होता, डी ड्राइव्हनं कधी पासवर्ड मागितला नाही. मग आताच का?

हळर्णचा किल्ला आमच्या घरापासून जवळ. शापोरा नदीच्या काठचा हा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधला. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं तो जिंकला आणि या विजयाबद्दल त्याला 'मार्किस ऑफ आलोर्ना' ही पदवी मिळाली. आमच्या एवढ्याशा गावाचं नाव लिस्बनच्या दरबारात जाऊन बसलं! लहानपणी त्या चिऱ्याच्या तटाजवळ खेळताना आम्ही किल्लेदार व्हायचो, म्हणून हीच उपमा सुचते.

समजा, किल्ल्याला एक मोठा दरवाजा आहे आणि आत धान्याचं कोठार आहे. दोन्हींना कुलपं. किल्लेदार रोज दोन कुलपं उघडायला कंटाळतो, म्हणून कोठाराची किल्ली तो मोठ्या दरवाजाच्या आतल्या खुंटीला टांगून ठेवतो. दरवाजा उघडला की खुंटीवरची किल्ली घेऊन कोठार आपोआप उघडायचं. बिटलॉकरमध्ये याला 'ऑटो अनलॉक' म्हणतात. दुसऱ्या ड्राइव्हची किल्ली पहिल्या ड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये ठेवलेली असते. ही सोय चालावी म्हणून पहिला ड्राइव्हही बिटलॉकरनं बंद असावा लागतो.

आणि दुकानदारानं काय केलं? मोठा दरवाजाच बदलला. दरवाजाबरोबर खुंटी गेली, खुंटीबरोबर कोठाराची किल्ली गेली. कोठार जसंच्या तसं उभं आहे, आत धान्यही आहे. फक्त किल्ली नाही. सी ड्राइव्ह नवा बसवला किंवा विंडोज पुसून नव्यानं घातलं की दुसरा ड्राइव्ह अडतो तो या कारणानं. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, पण हातात घेण्याआधी "डी ला कुलूप आहे का, किल्ली आहे का?" एवढं विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

दोन वह्या, दोन लिप्या

बिटलॉकर लावताना संगणक एक राखीव किल्ली देतो. तिला 'रिकव्हरी की' म्हणतात. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, पेन ड्राइव्हवर किंवा कागदावर ठेवता येते. भाच्यानं ती पेन ड्राइव्हवर ठेवली आणि पेन ड्राइव्ह हरवला. पासवर्ड तर चार वर्षांत तो साफ विसरला होता.

पण दादा जुन्या वळणाचा माणूस. "यंत्राचं काय खरं?" म्हणत त्यानं पडद्यावरचे आकडे त्याच दिवशी डायरीत उतरवून घेतले होते. एवढंच नव्हे, "एक प्रत तुझ्याकडे असू दे" म्हणून मला फोनवर वाचून दाखवले होते. मी स्वयंपाकघरात होते, हात पिठाचे. मी एकेक आकडा मोठ्यानं कन्नडमध्ये म्हणत गेले, ओंदु, एळु, ओंबत्तु, आणि अत्तेंनी ते किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून घेतले. कन्नड आकड्यांत! वर म्हणाल्या, "बरेदिडु. लिहिलेलं कधी ना कधी कामाला येतं."

ती किराणाची वही घेऊन मी चोर्ल्याच्या घाटानं हळर्णला पोचले. दादानं डायरी काढली. दोन्ही समोर ठेवून भाच्यानं आकडे टंकले. भाचा हसतच होता, "आत्या, आता दोन मिनिटांत." आणि पडद्यावर उत्तर आलं, किल्ली चुकीची!

सगळ्यांचे चेहरे उतरले. मग लक्षात आलं, दादाच्या डायरीत एका गटात दोन ठिकाणी इंग्रजी नऊ दिसत होता. दादा इंग्रजी आणि मराठी आकडे मिसळून लिहितो, आणि आपला मराठी १ हा हुबेहूब इंग्रजी नऊसारखा दिसतो! दुसऱ्या एका गटात पावसाळ्याच्या ओलीनं एक आकडा फुटला होता. अत्तेंच्या वहीत पाहावं तर तिथं कन्नड एक आहे की शून्य ते कळेना, कारण घाईत लिहिलेला कन्नड एक खालून मिटला की शून्यच दिसतो.

शाळेतली अकराची कसोटी

इथं कामाला आलं शाळेतलं गणित. या ४८ आकड्यांतला सहा आकड्यांचा प्रत्येक गट ११ने नि:शेष भाग जाणारा असतो. उतरवताना झालेली चूक पकडता यावी म्हणूनच ही योजना आहे. आणि ११ची कसोटी आपण सगळेच शिकलो आहोत: एक आड एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या, त्या सारख्या आल्या, किंवा त्यांच्यात ११च्या पटीतला फरक आला, तर भाग जातो.

खरी किल्ली छापता येत नाही, म्हणून नमुन्याचे गट देते. समजा डायरीत वाचलं ४९९५०७. पहिला, तिसरा, पाचवा मिळून ४+९+० म्हणजे १३. दुसरा, चौथा, सहावा मिळून ९+५+७ म्हणजे २१. फरक ८. गट चुकला! आता दुसऱ्या जागचा नऊ हा खरं तर मराठी १ आहे असं धरा: ४१९५०७. पहिली बेरीज १३, दुसरी १+५+७ म्हणजे १३. जमलं. अत्तेंच्या वहीतही तिथं स्वच्छ 'ओंदु' होता.

दुसरा गट समजा २६०३९३ की २६१३९३? शून्य धरला तर एक बेरीज ११, दुसरी १२. नाही जमत. एक धरला तर दोन्हीकडे १२. म्हणजे तो एकच! किंबहुना गटातला एखादा आकडा पार पुसला गेला, तरी उरलेल्या पाचांवरून तो या हिशेबानं काढता येतो. मात्र एकाच गटात दोन चुका झाल्या तर त्या एकमेकींना झाकू शकतात, हे लक्षात ठेवायला हवं.

दादानं आयुष्यभर मुलांना हे गणित शिकवलं होतं. पाटी नव्हती, म्हणून जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला त्यानं आठही गट तपासले. सहा बरोबर, दोन दुरुस्त. भाच्यानं पुन्हा आकडे घातले. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग डी ड्राइव्हवरचं कुलूप उघडलं.

दादा लगेच आईची ओवी लावायला निघाला होता. भाच्यानं हात धरला. "बाबा, आधी प्रत." नव्या बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवायला पहाटेचे दोन वाजले. मग ओसरीवर बसून आम्ही तिघांनी आईचा आवाज ऐकला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तुमच्यावर वेळ आली तर

१. फॉरमॅट करू नका. पडद्यावर "वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल" अशी सूचना आली तरी 'कॅन्सल' दाबा. गुप्त लिपी वाचता न आलेल्या संगणकाला डिस्क कोरी किंवा बिघडलेली वाटू शकते, म्हणून तो असं विचारतो. फॉरमॅट केलं की किल्ली असूनही मजकूर परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते.

२. चिन्ह नीट पाहा. ड्राइव्हवर बंद कुलूप असेल तर किल्ली हवी. पिवळा त्रिकोण असेल तर मजकूर गुप्त लिपीत गेला आहे, पण किल्ली दारालाच लटकते आहे. असा ड्राइव्ह उघडतो, मात्र चोरालाही उघडतो. ड्राइव्ह मुळात दिसतच नसेल तर अडचण कुलपाची नसून जोडणीची किंवा डिस्कच्या बिघाडाची असू शकते.

३. ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारा, 'मोअर ऑप्शन्स' मध्ये जा आणि 'एंटर रिकव्हरी की' निवडा. तिथं 'की आयडी' म्हणून आठ अक्षरं-आकडे दिसतात. एका घरात अनेक किल्ल्या असतात, सी ची वेगळी, डी ची वेगळी. ज्या किल्लीची ओळख या आठांशी जुळते तीच घाला. आमच्या डायरीतही दोन होत्या, ओळखीवरूनच डी ची निवडली.

४. किल्ली शोधायच्या जागा: मायक्रोसॉफ्टच्या खात्याचं संकेतस्थळ, त्यातला 'डिव्हायसेस' हा भाग, घरातल्या दुसऱ्या कुणाचं खातं वापरून लॅपटॉप सुरू केला असेल तर त्याचं खातं, जुने पेन ड्राइव्ह, छापलेले कागद, नोकरीचा लॅपटॉप असेल तर कार्यालयातला संगणक विभाग.

५. जुना सी ड्राइव्ह दुकानातून परत मागून घ्या. तो चालू असेल तर पुन्हा जागेवर बसवल्यावर खुंटीवरची किल्ली कामाला येऊ शकते.

६. किल्ली बरोबर आहे, तरी ड्राइव्ह उघडत नाही किंवा खडखड आवाज करतो, तर डिस्कच आजारी आहे. विंडोजमध्ये 'रिपेअर-बीडीई' नावाचं साधन आहे. ते किल्लीच्या मदतीनं वाचेल तेवढा मजकूर दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या रिकाम्या डिस्कवर उतरवतं. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

७. पासवर्ड आठवत नाही, किल्ली कुठंच नाही, जुना सी ड्राइव्हही नाही, तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती नव्यानं बनवून देऊ शकत नाही. "पैसे द्या, काढून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा.

आणि वेळ येण्याआधी

हे आपल्याला लागू नाही असं समजू नका. २०२४च्या विंडोज ११च्या आवृत्तीपासून (२४एच२) मायक्रोसॉफ्ट खात्यानं नवीन लॅपटॉप सुरू केला की बहुतेक यंत्रांत हे कुलूप आपोआप लागतं. होम आवृत्तीतही, आणि आतल्या दुसऱ्या ड्राइव्हलाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी संगणक दुरुस्त करणाऱ्यांना अनेक ठिकाणी हीच ४८ आकड्यांची किल्ली शोधत बसावं लागलं. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर आपली काय कथा!

म्हणून आजच संध्याकाळी घरातला लॅपटॉप उघडा. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एनक्रिप्शन' आहे का बघा. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'बिटलॉकर ड्राइव्ह एनक्रिप्शन' पाहा. कुलूप असेल तर प्रत्येक ड्राइव्हची किल्ली, तिच्या ओळखीसह, दोन कागदांवर उतरवा. एक आपल्या घरी, एक नातेवाइकांकडे. आकडे इंग्रजीत, सुटे आणि ठळक लिहा. फोनवर सांगताना 'एकोणसाठ, एकोणसत्तर' असं न म्हणता एकेक आकडा सांगा. लिहून झालं की अकराची कसोटी लावा, घरातल्या शाळकरी मुलाकडूनच करून घ्या. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत मात्र ठेवू नका, नाहीतर कुलूप आणि किल्ली चोराला एकदमच मिळायची. दुरुस्तीला देण्याआधी आणि विंडोज नव्यानं घालण्याआधी मजकुराची प्रत दुसरीकडे काढा. कुलूप नकोच असेल तर 'टर्न ऑफ बिटलॉकर' करून ते काढता येतं. मोठ्या डिस्कला त्यात काही तास लागतात, तेवढा वेळ लॅपटॉप विजेला जोडलेला असू द्या.

दादानं कुलूप काढलं नाही. नवा पासवर्ड घातला, नवी किल्ली लिहून घेतली, आणि आईच्या ओव्यांची एक प्रत माझ्याबरोबर बेळगावला पाठवली. नवी किल्लीही किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर गेली आहे. या वेळी मी आकडे इंग्रजीतच लिहिले. अत्तेंनी चष्मा लावून ते तपासले, आणि खाली आपल्या कन्नड अक्षरात एकच शब्द लिहिला: हळर्ण.